जप्त केलेला कोयता परत करू का?

पत्र लिहिणाऱ्या ताई २७ वर्षांच्या आहेत. नाशिकला सिडकोत लहानाच्या मोठ्या झाल्या, दोन वर्षांपूर्वी वनरक्षक म्हणून लागल्या आणि सध्या पेठ-सुरगाण्याकडच्या एका बीटवर (वनरक्षकाकडे सोपवलेल्या वनभागावर) आहेत. फेब्रुवारीत गस्तीवर असताना त्यांना पाड्यावरची साठीची एक बाई मोळी घेऊन येताना दिसली. मोळीत सुकं सरपण होतं, दोन-चार हिरव्या फांद्याही होत्या. ताईंनी मोळी खाली ठेवायला लावली आणि कोयता काढून घेतला. पंचनामा केला नाही, पावती दिली नाही. "धाक बसावा, एवढंच डोक्यात होतं," असं त्या लिहितात. दोन महिने झाले, कोयता त्यांच्या खोलीत पडून आहे. पाड्यावर आता कुणी बोलत नाही, पाणी विचारत नाही. मधल्या काळात बीटमधली खैराची झाडं रात्रीतून गेली. त्या बाईचा मुलगा परवा भेटला आणि म्हणाला, "गाडी कुठून जाते ते सांगणार होतो मॅडम, पण तुम्ही आमच्या आईचा कोयता नेला." इकडे वरिष्ठ विचारतात, या महिन्यात केसेस किती? आणि कुणाकडून तरी निरोप आला आहे: "मॅडमना सांगा, रात्री घाटात फिरू नका." ताईंचा प्रश्न असा: "कोयता परत केला तर मला कोण मोजणार? नाही केला तर पाडा कायमचा तुटला. की सरळ नाशिकला बदली मागू?"

ताई,

कोयता परत करा. उत्तर आधीच सांगून टाकते, कारण दोन महिने तुम्ही पुरेशा तळमळलेल्या आहात. तो कसा परत करायचा, कुणाला सांगून करायचा आणि त्यानंतर काय, हे सावकाश बोलू.

पत्रात तुम्ही त्याला 'जप्त केलेला कोयता' म्हणता. माझ्या मते तो जप्त झालेलाच नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ५२ प्रमाणे वनगुन्ह्यातला माल आणि त्यासाठी वापरलेली हत्यारं जप्त करता येतात. पण जप्त केलेल्या वस्तूवर तशी खूण करावी लागते आणि जप्तीचा अहवाल लवकरात लवकर वर पाठवावा लागतो. इथे खूण नाही, अहवाल नाही, पंच नाहीत. मग कायद्याच्या लेखी तो त्या बाईचाच कोयता आहे, फक्त तुमच्या खोलीत आहे. याच अधिनियमात पुढे कलम ६२ आहे. जप्तीच्या नावाखाली विनाकारण, त्रास द्यायला म्हणून कुणाची वस्तू उचलणाऱ्या वनाधिकाऱ्याला किंवा पोलिसाला त्यात शिक्षा सांगितली आहे. हा कायदा इंग्रजांच्या राजवटीतला, जंगलाकाठच्या माणसाकडे संशयानेच बघणारा. त्यालाही ही तरतूद करावीशी वाटली, यातच सगळं आलं. तुमच्यावर कुणी हे कलम लावेल असं मला वाटत नाही आणि तुम्हाला घाबरवायचंही नाही. पण हे माहीत असायला हवं.

तुम्हाला बहुधा असं वाटत असेल की आपण सौम्यच वागलो. केस केली नाही, कोर्टाची पायरी दाखवली नाही, नुसता कोयता ठेवून घेतला. तुमच्यासारखे बरेच जण असंच समजतात, आणि मला तिथेच थांबवावंसं वाटतं. केस झाली असती तर त्या बाईच्या हातात कागद आला असता. आपलं म्हणणं मांडायला जागा मिळाली असती. कलम ६८ खाली रक्कम भरून प्रकरण मिटवताही आलं असतं. तो मिटवण्याचा अधिकारसुद्धा वनक्षेत्रपालाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला देता येत नाही, असं ते कलमच सांगतं. म्हणजे रानात उभ्या उभ्या 'जा, या वेळी सोडलं, पण हे माझ्याकडे राहू दे' असा निवाडा करायची मुभा वनरक्षकाला कुणी दिलेली नाही. तुम्हाला ती दया वाटली. तिला मात्र ना दंड झाला, ना सुटका झाली, आणि दाद कुठे मागायची तेही कळलं नाही.

आता त्या कोयत्याकडे जरा नीट बघा. मूठ घासून गुळगुळीत झालेली असेल, पातं दगडावर लावून लावून मधे झिजलेलं असेल. तुम्हाला ते गुन्ह्यातलं हत्यार दिसलं. पाड्यावर तो कमरेच्या आकडीत दिवसभर असतो. कुंपणाच्या काट्या त्यानेच तोडायच्या, बांबू त्यानेच चिरायचा, घराचा कूड त्यानेच नीट करायचा. आणि तुम्ही तो नेला फेब्रुवारीत, म्हणजे राबासाठी, म्हणजे रोपं टाकायची जागा भाजण्यासाठी, टाहाळ (पाल्याच्या फांद्या) तोडायचे दिवस सुरू झाले तेव्हा. भाताचं आणि नागलीचं रोप टाकायच्या जागेवर राब भाजला नाही, तर त्या घराची पावसाळ्याची सुरुवातच बिघडते. तिने गेले दोन महिने शेजारणीकडून कोयता मागून काम भागवलं असेल, आणि प्रत्येक वेळी 'तुझा कुठे गेला' याचं उत्तर दिलं असेल. पाडा गप्प का झाला, हे कोडं मग उरत नाही.

मोळी वाहणं हा मुळात गुन्हा होता का, हाही प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायला हवा. राखीव वनात परवानगीशिवाय झाड तोडणं, फांदी तोडणं, वनोपज काढणं याला कलम २६ मनाई करतं, हे तुम्हाला प्रशिक्षणात शिकवलं असेल. पण २००६ चा वनहक्क कायदा आला, आणि त्याने त्याच जंगलातले निस्ताराचे (घरच्या गरजेपुरत्या वापराचे) आणि गौण वनोपजाचे हक्क मान्य केले. गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, मध, मेण, लाख, तेंदूपानं, कंदमुळं यांच्याबरोबर झुडपी लाकूड आणि थुटंही (तोडलेल्या झाडाचे उरलेले बुंधे) आहेत. पेठ आणि सुरगाणा हे दोन्ही तालुके पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभेला जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली येतात, तिथे ग्रामसभेच्या शब्दाला वेगळं वजन आहे. तेव्हा पहिलं काम हे करा: तुमच्या बीटला लागून असलेल्या प्रत्येक गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे का, मिळाला असेल तर जंगलाच्या कोणत्या कक्षांवर (आखलेल्या भागांवर) आणि कशासाठी, दावा पडून असेल तर कुठल्या पायरीवर, याची नोंद रेंज ऑफिसातून आणि ग्रामसेवकाकडून घेऊन स्वतःच्या वहीत उतरवा. हे न बघता मोळीवालीला अडवणं म्हणजे तिच्या हक्काचा कागद न वाचताच तो खोटा ठरवणं आहे.

मी हिरव्या फांद्यांचा मुद्दा टाळत नाही. हिरवी फांदी ही हिरवीच. शंभर घरांच्या शंभर मोळ्यांत रोज दोन-चार हिरव्या फांद्या गेल्या, तर डोंगराची ती बाजू काही वर्षांत बोडकी होते. पाड्यावरची माणसं निष्पाप आणि वनखातं दुष्ट, अशी गोष्ट मी तुम्हाला सांगणार नाही. ती खरी नाही आणि तुमच्या उपयोगाचीही नाही. पण हिरवी फांद थांबवायची असेल तर ती कुठून तोडली, कशासाठी तोडली, सरपणाला की राबाला, घरच्या चुलीला की तालुक्याच्या बाजारात विकायला, हे विचारावं लागतं. उज्ज्वलाचं सिलिंडर असलं तरी ते पुन्हा भरायला पैसे लागतात. द्राक्षबागांचं काम संपलं की दिंडोरी-निफाडहून परतलेल्या घरात ते असतीलच असं नाही. त्या बाईला तुम्ही यातलं काही विचारलं होतं का? पत्रात तरी तसं दिसत नाही.

आता खैर. तुमच्या बीटचं खरं नुकसान तिथे होतंय. खैराचा पैसा त्याच्या लाल गाभ्यात असतो, तो उकळून कात निघतो. झाड रात्री पडतं, साल आणि वरचं पांढरं लाकूड तिथेच तासलं जातं, नग (तुकडे केलेले ओंडके) गाडीत भरले जातात आणि गाडी गुजरातच्या हद्दीकडे लागते. यात कुऱ्हाड चालवणारी पोरं बहुतेक त्याच भागातली असतात, एका रात्रीच्या मजुरीवर गेलेली. माल कुणाचा, गाडी कुणाची, पुढे घेणारा कोण, हे त्यांना अर्धवटच ठाऊक असतं. पकडली जातात मात्र तीच. गाडीमालक दुसरी पोरं शोधतो.

म्हणून म्हणते, तुमचा जोर मोळीवरून काढा आणि गाडीवर लावा. महाराष्ट्राने १९२७ च्या अधिनियमात केलेल्या दुरुस्तीमुळे वनोपजाच्या चोरट्या वाहतुकीत सापडलेलं वाहन सरकारजमा करता येतं. मालकाला ते वाचवायचं तर गाडी आपल्या नकळत वापरली गेली आणि आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे त्याला सिद्ध करावं लागतं. कलम ६९ प्रमाणे वनोपज सरकारचा आहे असंच आधी गृहीत धरलं जातं, तसा नसल्याचं दाखवायची जबाबदारी समोरच्यावर असते. म्हणजे कायदा इथे तुमच्या बाजूला भक्कम उभा आहे. पण त्याला खाणं लागतं ते माहितीचं आणि कागदाचं. खैराचं थूट दिसलं की त्याच दिवशी घेर, जागा, जीपीएस, फोटो, पंच, सगळं करा. जवळ पडलेली साल आणि तासलेले ढलपे गोळा करून सीलबंद करा. पुढे गाडी सापडली तर नग आणि थूट जुळवायला हेच लागतं. दोन महिन्यांत गेलेल्या झाडांचे पंचनामे तुम्ही केले आहेत का? नसतील तर आता जे शिल्लक आहे त्याचा आजच्या तारखेने करा. मागची तारीख टाकून काहीही लिहू नका. कोयत्याचाही नाही, खैराचाही नाही. असा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. तो ऐकलात तर आज नुसता राहून गेलेला पंचनामा उद्या खोटा दस्तऐवज होईल.

तुम्ही विचारता, कोयता परत केला तर मला कोण मोजणार? यामागे असं गृहीत धरलंय की सध्या तुम्हाला कुणी मोजतंय. खैर तोडणारे तुमच्या बीटमध्ये रात्री बिनघोर येतात, कारण त्यांना ठाऊक आहे की पाड्यावरून तुम्हाला फोन जाणार नाही. साठीच्या बाईला तुमचा धाक आहे, त्यांना नाही. एकट्या वनरक्षकाने पायी किती रान बघायचं? पाड्यावरच्या माणसांना मात्र रात्री कुठल्या वाटेने इंजिनाचा आवाज आला ते अंथरुणात पडल्या पडल्या कळतं. ते कान तुमच्या बाजूला असल्याशिवाय तुमचं काम होणारच नाही.

आणि त्या भागातला अविश्वास तुमच्यापासून सुरू झालेला नाही, हेही ध्यानात ठेवा. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणची हजारो माणसं होती. त्यांची एक मोठी मागणी वनपट्ट्यांची, म्हणजे कसत असलेली वनजमीन नावावर करण्याची, होती. पाय सोलपटेपर्यंत चाललेल्या त्या माणसांच्या घरात तुम्ही खाकी गणवेशात जाता. तुमच्याआधीच्या अनेकांचा राग तुमच्या वाट्याला येणार. तो मनाला लावून घेऊ नका, पण त्यात भरही घालू नका.

तर कोयता असा परत करा. आधी तुमच्या वनपालांना आणि आरएफओ साहेबांना (वनक्षेत्रपालांना) सांगा, अमुक दिवशी अमुक जागी कोयता घेतला, कार्यवाही झाली नाही, तो परत करत आहे. दैनंदिनीत तेवढंच लिहा, सफाई देत बसू नका. मग दिवसाउजेडी, गणवेशात, तिच्या घरी जा. पाड्यातल्या आशाताई किंवा अंगणवाडीताई बरोबर आल्या तर बरं. चावडीवर सगळ्यांसमोर नको. तुम्हाला तो मोठेपणा वाटेल, पण तिला पुन्हा एकदा गावासमोर उभं केल्यासारखं होईल. कोयता द्या, मिळाल्याची सही किंवा अंगठा घ्या, त्याची प्रत तिलाही द्या. एवढंच म्हणा: "मावशी, त्या दिवशी मी कागद न करता हा घेतला, तसं करायला नको होतं. हिरवी फांद मात्र पुढेही तोडू देणार नाही." दोन्ही वाक्यं म्हणा. पहिलं गिळून नुसतं दुसरं म्हणाल तर ती धमकी होईल, आणि दुसरं सोडलंत तर तुमच्या कामाचं काय राहिलं? ती रागावेल, कदाचित बोलणारच नाही. बोलू नको दे. बसा, पाणी दिलं तर प्या, नाही दिलं तर या.

तिच्या मुलाला त्या दिवशी गाडीबद्दल एक अक्षर विचारू नका. 'कोयता दिला, आता सांग' असा सौदा झाला तर उद्या प्रत्येक माहितीला भाव लागेल. शिवाय तो मुलगा उघडा पडेल. तो स्वतःहून आला तर टपरीवर, बाजारात बोलू नका. त्याचं नाव दैनंदिनीत, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, कुठेही येऊ देऊ नका. माहितीच्या अधिकारातसुद्धा जिवाला धोका होईल किंवा खबर देणाऱ्याची ओळख फुटेल अशी माहिती देण्यातून सूट आहे, ती कलम ८ मध्ये नमूद आहे. त्याला १९२६ हा वनखात्याचा हेल्पलाइन क्रमांकही सांगून ठेवा. पोलीस पाटलांची गोष्ट वेगळी. वनाला लागून असलेल्या गावात शासनाचं मानधन घेणाऱ्यांनी वनगुन्ह्याची माहिती देणं वन अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे बंधनकारक आहे. ते त्यांना आठवण करून द्यायला हरकत नाही, आदराने.

ग्रामसभेचा रस्ता लांबचा आहे, पण मला त्यातच दम दिसतो. वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभेला जंगलाची हानी करणारी कृत्यं थांबवायचा अधिकार दिला आहे, त्यासाठी समितीही नेमता येते. पुढच्या ग्रामसभेत तुम्ही जा आणि दोनच विषय मांडा. सरपणाला सुकं कुठल्या भागातून घ्यायचं, हे गावाने ठरवावं. आणि राब भाजताना आग रानात जाऊ नये म्हणून बांधाकडची बाजू आधी साफ करून घ्यावी, तुम्ही जाळरेषेच्या (आग पसरू नये म्हणून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याच्या) कामाला माणसं त्याच पाड्यावरून घ्या. खैराचं नाव काढू नका. ते आपोआप निघेल.

वरिष्ठांच्या 'केसेस किती' या प्रश्नाला तोंडी उत्तर देऊ नका, कागद द्या. थुटांचे पंचनामे, गस्तीची नोंद, आणि त्याबरोबर लेखी मागणी: अमुक वाटेवर रात्रीची संयुक्त गस्त हवी, तपासणी नाक्याला कळवायला हवं, फिरतं पथक हवं. मोळीच्या दहा केसेस दाखवणं सोपं असतं, म्हणून त्या मागितल्या जातात. तुम्ही दुसरं काही मोजण्यासारखं पुढे ठेवलंत तर निदान ते फाइलवर राहील.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. रानात कुणी तुमचं हत्यार, सायकल, मोळी घेतली तर शांतपणे नाव, हुद्दा विचारा आणि पंचनाम्याची प्रत मागा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, लिहिलेलं वाचून घ्या. आणि नाशिककरांनो, त्रिरश्मी लेण्यांचा डोंगर, बोरगड, अंजनेरी इकडे सकाळी फिरायला जाताना वणवा किंवा झाडतोड दिसली तर जागा कळेल असा फोटो घेऊन १९२६ ला कळवा, स्वतः हुज्जत घालू नका. मोळीवाल्या बाईचा फोटो काढून 'जंगलचोर' म्हणून ग्रुपवर टाकणं बंद करा. ती चोर आहे की हक्कदार, हे तुम्हाला त्या फोटोतून कळत नाही.

ताई, आता तो निरोप. 'रात्री घाटात फिरू नका' हे वाक्य पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलं आहे, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. एकटीने गाडी अडवायला जाऊ नका. रस्त्यात आडवं उभं राहायचं नाही, दुचाकीवरून पाठलाग नाही. नंबर, रंग, दिशा, वेळ एवढं कळवा, अडवायचं काम नाक्यावर आणि पथकाला करू दे. रात्री निघताना वनपालांना वाट आणि परतायची वेळ सांगून निघा. निरोप कुणी दिला, कुणासमोर दिला, कधी दिला, हे लिहून आरएफओंकडे आणि पोलीस ठाण्यात द्या, पोच घ्या. धमकी देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली गुन्हा आहे, सरकारी कामात बळाने आडवं येणं कलम १३२ खाली. तक्रार केली तर घाबरट म्हणतील, असं मनात आणू नका. निरोप पाठवणाऱ्याला तुम्ही कुठेतरी बोचताय, म्हणून तो आला.

बदलीचं म्हणाल, तर सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात आणि तुमची तीन वर्षं अजून व्हायची आहेत. अर्ज लिहून ठेवा हवं तर. मला वाटतं तुम्ही तिथे राहावं, पण जिवाला खरा धोका आहे असं तुमच्या साहेबांनाही वाटलं तर तोच अर्ज त्या कारणासह द्या, त्यात कमीपणा नाही. कोयत्यासाठी मात्र बदलीची वाट बघू नका. राब भाजायला अजून थोडे दिवस आहेत, त्याआधी तो तिच्याकडे पोचू द्या. आणि धमकीची तक्रार त्याच्याही आधी, हे पत्र वाचाल त्याच दिवशी.